भिंतीवरची भूमिका

३ मे

सौ. मंडळींस,

अ. उ. आ. पत्राला तीन दिवस उशीर झाला, त्याबद्दल आधीच कान पकडतो. गाडीत खिडकीची जागा मिळाली, कोट चुरगळला नाही आणि तू दिलेला डबा पहिल्या दोन तासांतच संपला. तेव्हा काळजीचं कारण नाही.

उतरलोय आपल्या सुताराकडे. सहावीत त्याला नदीची कविता पाठ येईना, म्हणून मी त्याला सलग तीन दिवस बाकावर उभं केलं होतं, तोच. आता तो इथल्या स्टुडिओत सेट उभारतो, दिवसदिवस शिडीच्या टोकावर असतो. म्हणतो, गुरुजी, उंचीची भीती मेली ती तुमच्याच वर्गात. त्याने आपली निम्मी खोली मला दिली आहे. खिडकीतून स्टुडिओचं मागचं दार दिसतं. तिथून कधी राजवाडा बाहेर येतो, कधी अर्धी आगगाडी. काल सकाळी डोळे उघडले तर चार माणसं खांद्यावर चंद्र घेऊन चालली होती. क्षणभर वाटलं, आपण वाचनमालेच्या एखाद्या पानातच राहायला आलोय.

आता मुख्य गोष्ट. निघताना तू दारात विचारलंस की या वयात तिथे जाऊन नेमकं काय मिळवायचंय. गाडीची वेळ झाली होती, म्हणून मी नुसतं हूं केलं. आता उत्तर देतो. मला पडद्यावर एक वाक्य बोलायचंय. एकच. छत्तीस वर्षं मी वर्गात बोललो आणि माझा प्रत्येक शब्द घंटा झाली की पोरांच्या आधी दाराबाहेर पळाला. एक वाक्य तरी असं असावं, जे मी नसताना माझ्याच आवाजात, माझ्याच विरामांसकट ऐकू येईल. ते झालं की दुसऱ्या दिवशीची गाडी. माझ्या निरोपसमारंभात सगळ्या शिक्षकांसमोर मी हे जाहीर केलं तेव्हा तू शेजारणीला म्हणालीस, यांना चहा जरा जास्त झालाय. पण तो निश्चय होता.

आणि कळवायला आनंद होतो की काम मिळालं! काल सुताराने मला दिग्दर्शकांपुढे उभं केलं. चाळिशीचा माणूस, घरातही काळा चष्मा, आणि एक वाक्य पुरं करेल तर शपथ. क्रियापद येईस्तोवर स्वारी पुढच्या वाक्यात. मी विचारलं, काही म्हणून दाखवू का, आणि उत्तराची वाट न बघता नदीची कविता सुरू केली. दुसऱ्या कडव्यात नदी वळण घेते तिथे मी नेहमीसारखा हात वळवला, तर ते केवढ्यांदा ओरडले की थांबा, अगदी असेच थांबा, हलू नका. मी थांबलो. त्यांनी चष्मा वर करून एका डोळ्याने मला पाहिलं आणि म्हणाले, हेच ते, नायकाचे वडील हेच.

नायकाचे वडील! पहिल्याच भेटीत! इथे माणसं गर्दीत उभी राहण्यात आयुष्य घालवतात.

एक बारीकसा तपशील राहिला. नायकाचे वडील गोष्ट सुरू होण्याआधीच वारलेले आहेत. त्यामुळे तूर्त माझी भूमिका फोटोची आहे. परंतु आरंभ तर झाला.

मशीनवर फार वेळ वाकू नये. आमच्यावरचा लोभ, आम्ही घरात नाही म्हणून, खुंटीला टांगून ठेवू नये.

तुझा,
मास्तर


९ मे

ती. स्वरूप मास्तरांस,

सा. न. वि. वि. तुमचा बारीकसा तपशील वाचून इतकी हसले की सुई बोटात गेली. बोट बरं आहे.

शिवणाच्या क्लासातल्या बायकांना सांगितलं की आमच्या ह्यांना सिनेमात काम मिळालं. सगळ्यांनी मशीनवरचे पाय थांबवले. मग फोटोचं सांगितलं. त्यावर एकीने विचारलं की फोटोत कसला आलाय अभिनय. मी म्हटलं, बाई, तुला काय माहीत, ह्या माणसाने क्षणभर तोंड मिटून बसणं याच्याइतका अवघड अभिनय अजून कुठल्या नटाने केलेला नाही.

शेजारचे घड्याळजी तुमची चौकशी करून गेले. तुम्ही रोज सहाला खिडकीत उभे राहून कविता म्हणता, त्यावर ते उठायचे म्हणे. आता दोनदा दुकान उशिरा उघडलं. घरात चाळीस घड्याळं असलेला माणूस तुमच्या नदीवर उठतो, हे मला परवा कळलं. ते म्हणाले की मास्तर नाहीत तर गल्ली बंद पडल्यासारखी वाटते. मी म्हटलं, मला तर कानांना सुट्टी लागल्यासारखी वाटते. असं म्हटलं खरं.

दोन महिने म्हणून गेला आहात. जुलै उजाडला की माझे मोजणे सुरू होईल. आणि तिथे कुणाला काही शिकवू नका. ते तुमचे विद्यार्थी नाहीत, त्यांना पळून जायची मुभा आहे.

जेवण वेळेवर घ्यावे. लोभ इथे धुऊन, घडी करून ठेवला आहे, आल्यावर मिळेल.

तुमची,
शिवणवाली


२४ मे

सौ. मंडळींस,

अ. उ. आ. तुझं पत्र सुताराला वाचून दाखवलं. तोंड मिटण्यापाशी तो शिडीवरून पडता पडता राहिला. गुरूची अशी चेष्टा शिष्यासमोर करणं बरं नव्हे. पण मीच मोठ्याने वाचलं, तेव्हा दोष माझ्या आवाजाचा.

इथे एक चमत्कारिक परिस्थिती झाली आहे. माझ्या फोटोला भरपूर काम आहे आणि मला अजिबात नाही.

दोन हात उंचीची फ्रेम, काळी लाकडी पट्टी, दिवाणखान्यात मधोमध. नायकाला बढती मिळाली की तो फोटोकडे बघतो. नायिका रुसली की फोटोकडे बघते. खलनायक घरात शिरला की आधी फोटोकडे बघून दचकतो. मंगळवारी नायक माझ्यासमोर साडेतीन तास रडला. रडणं खरं नाही, बाटलीतलं आहे, दर पंधरा मिनिटांनी एक जण येऊन डोळ्यांत थेंब घालतो. नायकाला आपलं वाक्य आठवत नव्हतं. मला सगळी वाक्यं पाठ आहेत, त्याचीही आणि नायिकेचीही. मी दाराआड उभा राहून ओठांनी सुचवत होतो, पण तो फोटोकडे बघत होता. फोटोला वाक्यं येत नाहीत.

संध्याकाळी फोटो पुसतात, घोंगडीत गुंडाळतात, आणि दोन माणसं तो मोटारीत घालून दुसऱ्या सेटवर नेतात. मी मागून चालत जातो. परवा पहारेकऱ्याने मला दारात अडवलं. मी म्हटलं, अरे, आत्ता मोटारीतून गेले ते मीच. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला की आजोबा, उन्हाचं घरी बसावं.

आता खरी तक्रार ऐक. पोस्टमनचं काम निघालं होतं, एका वाक्याचं. सुताराने माझं नाव सुचवलं. तेवढ्यात वहीवाली बाई उठल्या. ह्या बाईंचं काम असं, की कालच्या दृश्यात कुणाचं कुठलं बटण उघडं होतं, पेल्यात पाणी किती होतं, सगळं वहीत टिपायचं, म्हणजे उद्या चूक व्हायला नको. अशी शिस्त मी शाळाखात्यातही पाहिली नाही. त्यांनी पानं उलटली आणि शांतपणे सांगितलं की हे गृहस्थ वारलेले आहेत. मेलेला बाप मुलाला पत्र कसं आणून देईल? मग न्यायाधीशाचं काम निघालं. बाई पुन्हा उठल्या. मग गर्दीत छत्री धरून उभं राहण्याचं निघालं, तेही नाही. मी विनवलं की मिशा लावतो. त्या म्हणाल्या, मिशा लावलेले वारलेले गृहस्थ. वाईट वाटून घेऊ नका, पण वहीत एकदा माणूस गेला की गेला.

फोटो काढून घेतला तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं. मी आपला पहिली पायरी समजून बसलो, तर ती शेवटची निघाली.

परंतु मी खचलेलो नाही. एक युक्ती सुचली आहे. वारलेल्या वडिलांना जुळा भाऊ असायला काय हरकत आहे? उद्या दिग्दर्शकांना गाठतो.

प्रकृतीची खुशाली कळवावी. जिवंत माणसावर जेवढा लोभ करतात तेवढाच असू द्यावा, ही विनंती.

तुझा,
मास्तर


३१ मे

ती. स्वरूप मास्तरांस,

सा. न. वि. वि. आधी हे सांगते की तुम्ही इथे परवा वारलात.

झालं असं, सुताराने आपल्या आईला पत्र घातलं, त्यात लिहिलं की गुरुजींचा फोटो मोठ्या फ्रेममध्ये लावला, मीच खिळा ठोकला, सगळे त्याच्यासमोर रडतात. म्हातारीने तेवढंच ऐकलं आणि चप्पल न घालता माझ्याकडे आली. तिच्यामागे गल्ली. मी एका गिऱ्हाइकाचा झगा बेतत होते, तोंडात टाचण्या, त्यामुळे बोलता येईना, तर त्यांना वाटलं दुःखाने बोलता येत नाही. टाचण्या काढून बोलेपर्यंत तिघी गळ्यात पडल्या होत्या. हेडमास्तरांनी तर शाळेत दोन मिनिटं शांतता पाळली. तुमच्या वर्गात पोरं दोन मिनिटं गप्प बसली, हे तुम्हाला जिवंतपणी कधी जमलं नव्हतं.

खुलासा केल्यावर सगळे हसले, पण घड्याळजी मात्र ओट्यावर बसून राहिले. म्हणाले, वहिनी, सकाळी ऐकलं तेव्हापासून एकाही घड्याळाला चावी दिली नाही. मग मी चहा केला.

जुळ्याचं डोक्यातून काढा. एकाला सांभाळताना माझे हात भरून आले, दुसरा आणू नका. आणला तरी घरी माझ्याकडे नको, वहीवालीकडे ठेवा. ती बाई मला फार आवडली.

थट्टा पुरे. त्या एका वाक्यासाठी तुम्ही किती तडफडता ते इथे बसून कळतं. मिळावं तुम्हाला. मनापासून लिहिते. पण मिळालं नाही, तर त्या दारात ताटकळत उभे राहू नका. आपल्या घराला पहारेकरी नाही.

तुमची,
शिवणवाली


११ जून

सौ. मंडळींस,

अ. उ. आ. जुळा मंजूर झाला!

दिग्दर्शकांना चहाच्या सुट्टीत गाठलं. त्यांचे कथालेखक शेजारी बसले होते. ते दर सोमवारी गोष्ट बदलतात, आणि त्या दिवशी सोमवारच होता. जुळा भाऊ म्हणताच दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, लेखकांनी सिगारेट विझवली. पंधरा वर्षांनी परदेशातून येणारा काका. वहीवाल्या बाईंनी वही तपासली आणि मान्य केलं की वहीत काकांविरुद्ध काही नाही. दारातून येतो, भावाच्या फोटोसमोर थांबतो, आणि म्हणतो, “दादा, उशीर झाला मला.” हे माझं वाक्य! चार शब्द, पण काय चार शब्द! विराम ‘दादा’नंतर घ्यावा की ‘उशीर’नंतर, यावर मी दोन दिवस विचार करतोय. सुतार म्हणतो, गुरुजी, दोन्हीकडे घ्या, पण झोपू द्या.

आता पुढचं लिहायला हात अडखळतो.

दिग्दर्शकांना वडिलांचा तरुणपणीचा फोटो हवाय. नायिका पेटी उघडते, त्यात वडिलांचा आणि आईचा लग्नातला फोटो सापडतो. आईचं काम करणाऱ्या नटीचा तरुणपणीचा फोटो त्यांच्याकडे आहे. माझा तरुणपणीचा फोटो एकच आहे, आपल्या दोघांचा, हे तुलाही ठाऊक आहे. तो फोटो त्यांना हवाय. म्हणजे माझ्या बाजूचा. दुसऱ्या बाजूला ते नटीला चिकटवणार आणि मग त्याचा नवा फोटो काढणार.

मी विचारलं की न कापता नाही का होणार. कलाविभागाचे लोक म्हणाले, कापल्याशिवाय जोड बसत नाही. मी म्हटलं, दुसरी प्रत नाही, तो फोटो काढणारा गेला, ज्यांवरून प्रती निघायच्या त्या त्याच्या काचाही फुटल्या. तर दिग्दर्शक म्हणाले की मग काकाचं आपण पुढे कधीतरी... आणि वाक्य तिथेच सोडलं. ते तसंही सोडतात, पण ह्या वेळी मला शेवट कळला.

तेव्हा विचारतो. रागावू नकोस. नको म्हणालीस तर नको. पण पाठवलास तर पंधरवड्यात माझं वाक्य होईल आणि मी घरी. पडद्यावर तू नसशील एवढंच, घरात तर आहेसच.

हे शेवटचं वाक्य लिहून पुन्हा वाचलं. ते चांगलं उतरलेलं नाही, पण खोडलं तर अधिक वाईट दिसेल.

तुझा,
मास्तर


१७ जून

ती. स्वरूप मास्तरांस,

सा. न. वि. वि. सोबत तुमचा अर्धा फोटो पाठवला आहे.

तिथल्या लोकांच्या कात्रीवर माझा भरवसा नाही, म्हणून मीच कापला. कापडाची मोठी कात्री घेतली, पट्टीने खडूची रेघ मारली. तुमच्या बाजूला बोटभर माया सोडली आहे, त्यांना जोडायला लागेल.

एकाच ठिकाणी रेघ मोडावी लागली. माझा हात तुमच्या खांद्यावर आहे. तो काढायचा तर खांदा जातो. तुम्हाला पडद्यावर खांदा लागेल, म्हणून हात राहू दिला. नको असेल तर त्यांनी रंगाने पुसावा.

माझा अर्धा माझ्याकडे आहे. त्यात मी मनगटापर्यंत आहे.

इकडे सर्व ठीक. आज जास्त लिहीत नाही, गिऱ्हाइकं बसली आहेत.

तुमची,
शिवणवाली


२९ जून

सौ. मंडळींस,

अ. उ. आ. तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसलो आणि रोज पेन्सिलीला टोक करून उठलो. पाकीट मी सेटवरच उघडलं होतं. सुतार बाजूला होता. त्याने फोटो हातात घेतला, कड बोटाने चाचपली आणि म्हणाला की काकूंचा हात किती सरळ चालतो. मग शिडीवर चढून गेला आणि दिवसभर खाली आला नाही.

मी चुकलो, हे इथे एकदा लिहितो. घरी येऊन पुन्हा म्हणेन.

पण पुढे जे झालं ते कळवलंच पाहिजे, कारण आता गोष्ट तुझ्यावर आली आहे.

कलाविभागाने हात पुसायला रंग कालवला. तेवढ्यात दिग्दर्शक आले. फोटो पाहिला, चष्मा काढला. पूर्ण काढला. मग लेखकांना हाक मारली. दोघं फोटोवर असे वाकले जसा परीक्षेत मुलगा शेजारच्याच्या पेपरवर वाकतो. लेखक म्हणाले, हा हात कुणाचा? मी सांगितलं की माझ्या बायकोचा. ते म्हणाले, तुमच्या नव्हे, वडिलांच्या खांद्यावर हा हात कुणाचा? आईचा तर नाही, नटीच्या फोटोत आईचे दोन्ही हात मांडीवर आहेत. आणि बघा, कसा धरलाय! सोडवेना अशा माणसाचा हात आहे हा.

तो सोमवार होता.

आता गोष्ट अशी: वडिलांच्या आयुष्यात दुसरी बाई होती. फोटो कापला गेला पण हात राहिला. नायक सबंध चित्रपट त्या हाताचा शोध घेतो. फोटो आता दिवाणखान्यात दुप्पट मोठा करून लावलाय आणि कॅमेरा माझ्या तोंडाकडे येतच नाही, खांद्यावरच थांबतो. परदेशातून येणारा काका रद्द. वहीवाल्या बाईंनी माझ्या समोर ओळ मारली, पट्टीने. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण मला त्यांनी आपला चहा दिला.

आणि शेवटी त्या हाताची बाई सापडते. हात जुळायला हवा, म्हणून बाई खरीच हवी, असं वहीवाल्या बाई म्हणतात. दिग्दर्शकांनी मला अत्यंत आदराने खुर्ची दिली आणि विचारलं की आपल्या पत्नी येतील का. तीन दृश्यं. सात वाक्यं! तुला!

मला मत्सर वाटत नाही. हे मी सुतारालाही सांगितलं, त्याने न विचारता.

वाक्यं सोबत उतरून पाठवली आहेत. पहिलं आहे, “होय, याच पापी हाताने मी एका सुखी घराचा दिवा विझवला!” इथे विराम ‘हाताने’नंतर घ्यावास. उरलेली सहा यापेक्षा लांब आहेत आणि त्यांपैकी तीन तुला जमिनीवर बसून म्हणायची आहेत, तेव्हा गुडघ्यांचा विचार करून कळव.

कोंडीत पकडल्यासारखं वाटू देऊ नकोस. जे मनात असेल ते लिही. माझ्यावर लोभ ठेवच असं आज म्हणवत नाही. पण ठेवशील तर घेईन.

तुझा,
मास्तर


६ जुलै

ती. स्वरूप मास्तरांस,

सा. न. वि. वि. जुलै उजाडून सहा दिवस झाले, ते राहू द्या.

सात वाक्यं वाचली. क्लासात म्हणून दाखवली, बायका मशीनवर डोकं टेकून हसल्या. पण उत्तर तुम्हाला नाही, तुमच्या साहेबांना देते. खाली लिहिलंय. ते त्यांना वाचून दाखवा. उभं राहून, वर्गात वाचता तसं. मध्ये आपलं काही घालू नका.

दिग्दर्शकसाहेबांस,

स. न. वि. वि. हात माझा आहे. आमच्या लग्नाला चार दिवस झाले होते. फोटोवाल्याने ह्यांना खुर्चीवर बसवलं, मला मागे जरा बाजूला उभं केलं आणि सांगितलं की बाई, हात खुर्चीच्या पाठीवर ठेवा. तेव्हा तो दहा आकडे मोजेपर्यंत हलायचं नसे. ह्यांना ते जमेना. हे मनात कविता म्हणत होते, ओठ हलत होते, आणि ओळीच्या शेवटी मानही डोलत होती. तीन काचा वाया गेल्या. फोटोवाला रागावला, म्हणाला ही शेवटची, मग मी दुकान बंद करतो. हे घाबरले. मागून मला ह्यांची मान लाल झालेली दिसली. चार दिवसांत आम्ही एकमेकांशी धड बोललोही नव्हतो. मी खुर्चीवरचा हात उचलला, ह्यांच्या खांद्यावर ठेवला आणि दाबला. हे थांबले. दहा आकडे थांबले. तो हा फोटो.

तुमच्या लेखकांना त्यात पाप दिसलं. तिथे एक घाबरलेला माणूस होता आणि त्याला कुणीतरी धरायला हवं होतं, एवढंच होतं. त्याला चाळीस वर्षं झाली. अजूनही लोकांत हे बोलायला लागले की मी मागे उभी असते.

मला यायला जमणार नाही. एका हाताचं काम होतं, ते मी तेव्हाच केलं. तुम्हाला दुसऱ्या बाईचा हात लावायचा असेल तर लावा. पण मग खांदाही दुसऱ्याचा बघा.

कळावे.

मास्तरांची बायको


१० जुलै

सौ. मंडळींस,

अ. उ. आ. तू सांगितलंस तसं वाचलं.

दिवाणखान्याचा सेट होता, दुपारी जेवणानंतरची वेळ, चाळीस-पन्नास माणसं. मी दिग्दर्शकांना म्हटलं की उत्तर आलंय, उभं राहून वाचायचं आहे अशी घरची आज्ञा आहे. ते हसले आणि म्हणाले वाचा. मी दुप्पट मोठ्या झालेल्या माझ्याच फोटोखाली उभा राहिलो आणि सुरुवात केली.

विराम कुठे घेतले ते आठवत नाही. मान लाल झालेली तुला दिसली होती, हे मला चाळीस वर्षांत ठाऊक नव्हतं, तिथे मी थांबलो असेन. वाचून झालं तेव्हा दिवे लावणारा दिव्यावरचा हात तसाच ठेवून उभा होता. नायकाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि बाटलीवाला माणूस कोपऱ्यात बसलेला होता. वहीवाल्या बाईंनी वही मिटली. सुतार शिडीवरून उतरून खाली आला.

मग दिग्दर्शक म्हणाले की मास्तर, हेच पत्र, असंच, कॅमेऱ्यासमोर वाचा. मेलेला बाप तर मेलेला बाप, मी पडद्यावर तुमचं भूत दाखवतो, पण हे मला हवंय. इतकं लांब वाक्य त्यांनी शेवटापर्यंत नेलं. बाईंनी वही उघडली नाही.

खोटं लिहीत नाही: मी लगेच कोटाची बटणं लावली. एक वाक्य मागायला आलो होतो, दोन पानं समोर होती. कॅमेरा फिरवला, दिवे लावले. तालीम करू म्हणाले. मी पुन्हा वाचायला लागलो. ‘मी खुर्चीवरचा हात उचलला’ तिथे आलो, आणि पाहतो तर माझा हात वर जाऊन नदीच्या वळणासारखा वळत होता. सुंदर वळत होता. ‘दाबला’नंतर मी जो विराम घेतला तो मलाच फार आवडला. पहिल्यांदा वाचताना मला माझा आवाज ऐकूच आला नव्हता. आता तेवढाच ऐकू येत होता.

मी पत्राची घडी केली. साहेबांना म्हटलं, माफ करा, हे घरचं पत्र आहे, एकदाच वाचायचं होतं. त्यांनी समजावलं, लेखकांनी समजावलं, नायकानेसुद्धा खांद्यावर हात ठेवला. त्याचा हात हलका आहे. मग मी माझा अर्धा परत मागितला. कलाविभागाने मोठी प्रत ठेवून घेतली, अस्सल दिला. पडद्यावर कोण कुणाचा हात शोधतं ते आता त्यांचं त्यांनी बघावं. सोमवारपर्यंत बदलेलच.

तेव्हा मी पडद्यावर बोललो नाही, आणि आता बोलणारही नाही. शाळेत विचारतील, सांग की मास्तर फोटोतच बरे दिसले.

गुरुवारच्या गाडीने निघतोय. अर्धा फोटो कोटाच्या आतल्या खिशात आहे. जोडशील तेव्हा जोड दिसला तरी चालेल, लपवत बसू नकोस.

ह्या पत्राला उत्तर घालू नये, मीच पोचेन. दारातूनच बोलायला लागेन आणि दोन महिन्यांचं सगळं एका दमात सांगायला बघेन. तू मागे उभी राहा, आणि फार झालं असं वाटलं की खांदा दाब.

तुझा,
मास्तर